गप्पी, मोली आणि कर्नलसाहेबांची शिंगटी

मासे खाणाऱ्या माणसाचे माशाच्या नावावाचून कधी अडत नाही. 'पापलेट' म्हणा, 'पॉम्फ्रेट' म्हणा, तव्यावरून ताटात आले की चव तीच. खरी पंचाईत मासे पाळणाऱ्यांची. ज्या घरात मासा शिजत नाही त्याच घरात तो पोहतो, हा आमच्या डोंबिवलीचा सर्वसाधारण नियम आहे. अपवाद असतील, पण ते मला जेवायला बोलावत नाहीत. दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी काचेची पेटी येते, मोटर घरघरू लागते, स्टोनमधून बुडबुडे सुटतात, आणि त्या दिवसापासून यजमानांच्या तोंडूनही इंग्रजी, लॅटिन आणि ग्रीक बुडबुडे सुटू लागतात. पाहुण्याला नुसते मासे दाखवून भागत नाही, नावे सांगावी लागतात. आणि नाव सांगितले की दुसरा पाहुणा, ज्याच्या मेव्हण्याकडे याच्यापेक्षा मोठी पेटी असते, हळूच म्हणतो, "त्याचा खरा उच्चार तसा नाही."

हा 'खरा उच्चार' म्हणजे काय प्रकरण आहे, याच्या मागे मी लागलो तो एका रविवारमुळे. स्टेशनजवळ ज्या दुकानात मी माशांचे दाणे आणायला जातो, तिथे मुरबाडकडचा एक पोरगा कामाला आहे. जाळीने मासा धरावा तर त्यानेच. बाकीचे लोक पेटीभर पाणी घुसळतात. याने जाळी बुडवली की मासा आपण होऊन आत येऊन बसतो. त्या दिवशी एक सुशिक्षित गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. पोराने उत्साहाने सांगितले, "साहेब, हे चिचलीड बघा. कालच आलेत." गृहस्थ हसले. नुसते हसले असते तरी हरकत नव्हती, पण मुलाकडे वळून म्हणाले, "बघ, अभ्यास केला नाही की असं होतं. इट इज सिक्लिड." पोरगा गप्प झाला. पुढे तासभर कोणी काहीही विचारले तरी तो नाव घेईना, नुसता बोटाने दाखवी. ते बोट काही मला चैन पडू देईना.

वास्तविक त्या गृहस्थांचे म्हणणे चूक नव्हते. इंग्रजीत 'सिक्लिड'च म्हणतात. पण मूळ शब्द ग्रीक आहे, 'किख्ले', आणि त्याचा अर्थ कस्तूर पक्षी! एका समुद्री माशालाही ग्रीक लोक तेच नाव देत, ते पुढे या घराण्याला चिकटले. म्हणजे दुकानात एखादा ग्रीक मनुष्य उभा असता, तर त्याने गृहस्थांच्याच अभ्यासाची चौकशी केली असती. मुळात दोन्ही ठिकाणी 'क'च्या जातीचे उच्चार; इंग्रजाने एकाचा 'स' केला आणि दुसऱ्याचा 'क' ठेवला. आमच्या पोराने निदान दोन्हींचा 'च' केला. न्याय तरी सारखा!

याच सिक्लिड घराण्यातला एक मासा पेटीतून नव्हे, टोपलीतून आपल्याकडे हिंडत असतो. १८४० साली अँड्र्यू स्मिथ नावाच्या डॉक्टराने दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना लोकांचा एक शब्द उचलला. त्यांच्या भाषेत 'थ्लापी'च्या आसपास उच्चार असलेल्या या शब्दाचा अर्थ आहे, मासा. बस, नुसता मासा. स्मिथसाहेबांनी त्याचे लॅटिन केले 'तिलापिया'. १९५२ साली मोझांबिकचा तिलापिया श्रीलंकेतून भारतात आणला गेला, आणि आमच्या मच्छीमारांनी त्याचे नाव ठेवले 'चिलापी'. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही धरणावर जा, चिलापी म्हटल्याशिवाय तो मासा मिळायचा नाही. टोपलीसमोर उभे राहून "इट इज तिलापिया" असे सांगणारा सुशिक्षित गृहस्थ अजून माझ्या पाहण्यात नाही. ही हकीकत मी त्या पोराला सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "काका, चिलापी आमच्याकडं धरणात पण आहे. तो याच्यातलाच?" म्हटले, "सख्खा नाही, पण भाऊबंद."

माशाला काचेत ठेवून नावाने हाक मारण्याचे हे वेड फार जुने नाही. चिनी लोकांनी सोनेरी मासे शेकडो वर्षे पाळले, पण कुंड्यांत आणि तळ्यांत, वरून पाहायचे. बाजूने, काचेतून, समोरासमोर पाहण्याची टूम विलायतेतली. आणि तिच्या तारखा ठाणे-कल्याणकरांनी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, आणि पुढच्याच महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी फिश हाउस उघडले. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली, आणि त्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द इंग्रजांच्या घरोघरी पोचवला. डोंबिवली या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते, हे नेहमीच्या प्रवाशांना सांगायला नकोच.

आपण त्याला मत्स्यालय म्हणू लागलो. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी परदेशी मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथे. 'भोजनालय', 'उपाहारालय' अशा शब्दांच्या सवयीमुळे मत्स्यालयात काय मिळत असावे याविषयी ठाण्याच्या आमच्या एका काकांचा वेगळाच समज होता, अशी घरात दंतकथा आहे. असो.

आता गप्पी घ्या. हे नाव ऐकले की मराठी माणसाला वाटते, मासा मोठा बोलका असणार. प्रत्यक्षात त्याचे तोंड सारखे हलते आणि आवाज शून्य. आमच्या सोसायटीच्या सभेत याच्या नेमके उलट असते. आवाज भरपूर, हलत काहीच नाही. पण या नावाचा गप्पांशी संबंध नाही. रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी नावाचे एक गृहस्थ वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर राहत. त्यांनी तिथले काही बारके मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, आणि १८६६ साली तिथल्या गुंथर नावाच्या पंडिताने त्या माशाला त्यांचे नाव दिले. गप्पीसाहेब त्रिनिदादमध्ये शाळाखात्याचे मुख्य तपासनीस होते. शाळा तपासनीस आणि आडनाव गप्पी! ते वर्गात शिरल्यावर मराठी मुलांनी कसे हसू आवरले असते कोण जाणे. गंमत अशी की व्हेनेझुएलातून आलेल्या याच माशाला पीटर्स नावाच्या जर्मनाने १८५९ मध्येच दुसरे नाव देऊन टाकले होते. शास्त्रात जो आधी नाव ठेवतो तो खरा. तेव्हा शास्त्राच्या दप्तरात पीटर्सचे नाव राहिले आणि जगाच्या जिभेवर गप्पी.

आपल्याकडे हा मासा दिवाणखान्याच्या आधी विहिरीत पोचला. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप खात्याने त्याला टाक्यांत आणि डबक्यांत सोडला, आणि 'पाळा'-'टाळा' असे यमक जुळवून त्याची जाहिरात केली. इंग्रज 'गपी' म्हणतो, एका 'प'वर भागवतो. स्पेलिंगमध्ये 'पी' दोन आहेत. पालिकेचा माणूस जिन्यावरून "गप्पी मासे हवेत काऽऽ" अशी हाक देतो तेव्हा दोन्ही 'पीं'चा पुरेपूर हिशेब होतो. खरा उच्चार कोणाचा, तुम्हीच ठरवा.

हिवतापाच्या मोहिमेतला याचा जोडीदार गंबुशिया. तो १९२८ साली इटलीतून इथे आला, पण नाव क्यूबाचे. तिथे रिकाम्या हाताने परतणाऱ्या कोळ्याला म्हणत, 'गंबुसिनो पकडायला गेला होता वाटतं!' गंबुसिनो म्हणजे काही नाही, शून्य. ते 'काही नाही' १८५४ मध्ये शास्त्रीय नाव होऊन बसले. सरकारी खात्याने साता समुद्रापलीकडून 'काही नाही' मागवले, असे मी म्हणणार नाही. मासा कामाचा आहे.

आणि मोली? काळी, गुबगुबीत, पेटीच्या कोपऱ्यात उभी राहून दुसऱ्यांच्या पिल्लांकडे नको त्या नजरेने पाहणारी मोली. 'मॉली' म्हणावे की 'मोली', यावरून आमच्या मजल्यावर दोन घरांत अबोला झाला आहे. तर दोघांनाही कळवावे की ही बाई नव्हे, पुरुष आहे, आणि तोही साधासुधा नव्हे. नेपोलियनचा खजिन्याचा मंत्री काउंट मोलियाँ. १८२१ साली लस्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्या नावाने या माशाला 'मोलिएनेशिया' केले. पुढे शौकिनांना एवढे लांबलचक नाव परवडेना. त्यांनी शेपूट कापून 'मोली' ठेवली. एका साम्राज्याची तिजोरी सांभाळलेला माणूस आज पिशवीत ऑक्सिजन भरून, वर रबर लावून, जोडीच्या भावाने विकला जातो.

बाकीच्यांचे थोडक्यात उरकतो. 'बेटा' हे नाव मलाय भाषेतून आले. त्याला 'बेटा' म्हणू नका, 'बेट्टा' म्हणा, असे अमेरिकन पुस्तके वाचकाला बजावतात; आमचा दुकानदार दोन्ही टाळून 'फायटर' म्हणतो आणि मोकळा होतो. 'गुरामी' जावा बेटावरचा. आमच्याकडे तो गौरीगणपतीच्या ओढीने 'गौरामी' झाला. 'कोई' म्हणजे जपानीत कार्प. तेव्हा 'कोई कार्प' म्हणणे हे आपल्या 'शेवटच्या लास्ट डब्या'सारखे झाले. त्यात आंब्याच्या कोयीचा काही दोष नाही.

इथपर्यंत मजा चालली होती. मग मी 'डॅनिओ'पाशी आलो, आणि अडलो.

झेब्रा डॅनिओ म्हणजे तो निळ्या पट्ट्यांचा, बोटाएवढाही नसलेला, क्षणभर स्वस्थ न बसणारा मासा. जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. आमच्या इमारतीतली मुले त्याचे नाव अगदी नाकातून, अमेरिकेत जन्मल्यासारखे घेतात. या नावाचा कर्ता फ्रान्सिस बुकॅनन, एक स्कॉटिश डॉक्टर. पुढे त्याने आईकडचे हॅमिल्टन हे आडनाव घेतले. म्हणजे दुसऱ्यांची नावे बदलण्याची सुरुवात त्याने घरापासून केली. कंपनी सरकारच्या नोकरीत असताना त्याने गंगेतले आणि बंगालमधले मासे पाहिले आणि १८२२ साली त्यांच्यावर ग्रंथ छापला. नावे कुठून आणली? कोळ्यांना विचारली. कोळी म्हणाले, 'धानी'. धानातला, भातखाचरातला. साहेबांनी लॅटिन टोपी घातली आणि धानीचा 'डॅनिओ' झाला. आमच्या कल्याण-मुरबाडच्या भाताच्या खाचरांत ज्या शब्दाचा अर्थ शेतकऱ्याला न सांगता कळला असता, तो आम्ही नाकातून म्हणतो आहोत.

मग मी हॅमिल्टनसाहेबांची इतर नावे धुंडाळली. लालसर पट्ट्यांचा 'ड्वार्फ गुरामी', शास्त्रीय नाव 'लालियस'. हा बंगाल्यांचा 'लाल खोलिशा'. त्यातला 'लाल' आपलाच नव्हे का? आणि सगळ्यांत हृदयाला लागली ती 'रोझी बार्ब'. ठाण्याच्या कुठल्याही दुकानात मिळेल. तिचे शास्त्रीय नाव 'कोंकोनिअस'. वाचून वाटते, एखादा रोमन सरदार असावा. मूळ बंगाली नाव 'कांचन पुंटी'. कांचनचा झाला कोंकोनिअस, कोंकोनिअसची झाली रोझी, आणि रोझी होऊन ती परत ठाण्याला आली तेव्हा आम्ही तिला ओळखलेसुद्धा नाही. परदेशी गेलेल्या मुलींच्या बाबतीत निदान मावशा तरी कुजबुजतात.

ही झाली बंगालची गोष्ट. आपल्या माशांचे काय? त्यासाठी घाट चढून पुण्याला जावे लागते. आणि उच्चाराचा प्रश्न निघाल्यावर पुण्याला न जाऊन कसे चालेल? मात्र आपला हा पुणेकर विलायती होता. पुढे कर्नल झालेला विल्यम हेन्री साइक्स. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी जमवायला नेमले. माणसे मोजता मोजता त्याने पाऊस मोजला, पक्षी पाहिले, आणि मुळा-मुठा व भीमेच्या पाण्यातले मासे टिपले. १८३९ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तान्तात त्यांची वर्णने छापली गेली आणि दोन वर्षांनी चित्रांसह मोठा निबंध. नव्या माशांना नावे देताना त्याने पुष्कळदा इथल्याच लोकांचा शब्द घेतला, आणि त्याला लॅटिनचे शेपूटही फारसे लावले नाही. शास्त्राच्या यादीत ती नावे आजही आहेत: 'सींगटी', 'मुल्या', 'नुक्ता', 'बोगुट', 'पोटेल', 'खुद्री', 'कोलुस', 'फुलुंगी'.

ही यादी एखाद्या परदेशी शास्त्रज्ञाने वाचली तर ती यादीच राहते. मराठी माणसाने मोठ्याने वाचली की पाण्यात काहीतरी हलते. 'सींगटी' म्हणजे शिंगटी; मिशा आणि काटे असलेली आपली शिंगटी! पुढची नावे उलगडायला एक किल्ली लागते, आणि ती साहेबाने निबंधाच्या मथळ्यातच ठेवली आहे. 'दख्खन'चे स्पेलिंग त्याने केले आहे डी-यू-के-एच-यू-एन. म्हणजे 'यू' दिसला की 'अ' म्हणायचे. चला तर. 'मुल्या'चा झाला 'मल्या'. त्यातला 'ल' जरा मागे वळवा, 'मळ्या'. साहेबाच्या बापालाही 'ळ' यायचा नाही, त्याला इलाज नाही. 'नुक्ता'चा 'नक्ता'. या माशाच्या तोंडावर नाकाच्या जागी खोल खाच असते, जणू कोणी नाक छाटले आहे. 'त' आणि 'ट' यांत फरक न कळणाऱ्या कानाने 'नकटा' ऐकले असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. 'पोटेल'वर मी दोन रात्री घालवल्या. त्या काळच्या सरकारी कागदांत गावच्या पाटलाचे स्पेलिंग असेच करत. मुठेच्या काठी कोणी तरी कोळी हा मासा दाखवून म्हणाला असेल, "हा पाटील," आणि साहेबाने खाली मान घालून लिहून घेतले असेल. खरेच पाटील की कोळ्याने साहेबाची फिरकी घेतली, देव जाणे.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांना एक आंतरराष्ट्रीय कायदा आहे. स्पेलिंगच्या बाबतीत तो सोनाराच्या काट्याइतका काटेकोर; एक अक्षर इकडचे तिकडे होऊ देत नाही. उच्चार कसा करावा याची मात्र त्यात सक्ती नाही. म्हणजे साइक्ससाहेबाने लिहिलेले अक्षर जगभर तसेच राहणार, आणि त्यातला आवाज ज्याला ठाऊक आहे त्यानेच काढायचा. तो कोणाला ठाऊक आहे? आमच्या इमारतीतल्या मुलांना 'एंजल' आणि 'अरोवाना' अस्खलित येतात. मळ्या त्यांनी पाहिलेला नाही आणि ऐकलेलाही नाही. वालधुनी नदी ओलांडताना ती गाडीत नाकाला रुमाल लावतात. हा मजकूर विनोदी सदरात बसत नाही, पण नदीही तशी कुठे बसते?

अलीकडे मात्र एक सूड उगवला गेला आहे. लाल-काळ्या पट्ट्यांचा 'मिस केरला' नावाचा झोकदार मासा १८६५ मध्ये मद्रासचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांच्या नावावर लागला होता. २०१३ साली चार भारतीय शास्त्रज्ञांनी, त्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते, त्याचे घराणे वेगळे काढून नाव दिले 'सह्याद्रिया'. आता जर्मनीतल्या शौकिनाला 'ह' आणि 'य' यांच्या जोडाक्षरावर जीभ अडखळवून घेतल्याशिवाय हा मासा मिरवता येणार नाही. नद्यांत तो धोक्यात आला आहे, आणि त्याचे एक कारण पेट्यांसाठी होणारी बेसुमार पकड हेच आहे. तेव्हा जिभेला थोडा त्रास झाला तर बिघडले कुठे?

गेल्या पावसाळ्यात, वलगणीचे मासे बाजारात आले होते तेव्हा, कल्याणला एका मावशींच्या पाटीसमोर मी साइक्ससाहेबाच्या यादीचा कागद घेऊन उभा राहिलो. मी माशावर बोट ठेवी आणि मावशी नाव सांगत. "शिंगटी. हा मळ्या. ही वाम." मग मी कागदावरची बाकीची नावे साहेबाच्या स्पेलिंगप्रमाणे वाचून दाखवली. फुलुंगी, बोगुट, नुक्ता. मावशी तोंडाला पदर लावून ऐकत राहिल्या.

"घाटावरचं असंल कायतरी," त्या म्हणाल्या. "पन काका, असं काय वाचताय? कोनी लिवलंय ते?"

"एका साहेबानं. दोनशे वर्षं होत आली."

"आनि त्याला कोनी सांगितलं?"

"तुमच्यासारख्याच कोणीतरी."

मावशींनी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मंग त्याला नीट आयकू नसंल आलं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या वाट्यातल्या शिंगटीचे काटे मोडायला लागल्या.